गेकोची जोडी लावण्याआधी : पैदाशीतल्या अडचणी आणि चिंता

शैवाल

माझ्याकडे लेपर्ड गेको या पाळीव पालीच्या जातीची एक प्रौढ मादी आहे. तिची प्रकृती चांगली आहे, खाणे नियमित आहे, आणि ओळखीच्या एका गेकोपालकाने आपला नर काही दिवसांसाठी देऊ केला आहे. पैदास कशी करावी याची माहिती भरपूर मिळते. अंडी कशी उचलावीत, इनक्युबेटर कसा लावावा, पिल्लांना पहिले खाणे कधी द्यावे, हे सगळे मी वाचले आहे. पण पैदास करू नये असे सांगणारी कारणे कोणी सलगपणे मांडलेली मला आढळली नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी कोणत्याही जातीच्या गेकोची पैदास केली आहे, किंवा विचार करून टाळली आहे, त्यांनी कृपया केवळ अडचणी आणि चिंता लिहाव्यात. हौसेखातर एकदाच पिल्ले काढणे हे वाटते तितके निरुपद्रवी आहे का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

कातळपाल

मी बरीच वर्षे लेपर्ड गेकोंची पैदास केली आणि आता जाणीवपूर्वक थांबवली आहे, त्यामुळे सुरुवात आकड्यांपासून करतो.

नर चार दिवस मादीजवळ राहिला आणि मग परत गेला, की प्रकरण संपले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मादी नराचे शुक्राणू शरीरात काही महिने साठवून ठेवू शकते आणि एकाच मिलनानंतर संपूर्ण हंगामभर फलित अंडी घालू शकते. प्रत्येक वेळी साधारण दोन अंडी असतात आणि अशा पाच-सहा खेपा होणे अगदी सामान्य आहे. म्हणजे एका मादीपासून एका हंगामात दहा-बारा पिल्ले होऊ शकतात. एकदाच पिल्ले काढायची असे आपण ठरवले, तरी त्या 'एकदा'ची व्याप्ती एवढी असते.

आता या दहा-बारा पिल्लांचे काय होते ते पाहा. त्यांना एकत्र वाढवता येत नाही. एकाच डब्यात ठेवलेल्या पिल्लांपैकी एखादे झपाट्याने वाढते, दुसरे मागे पडते, आणि खाण्याच्या वेळी समोर जे हलेल त्यावर झडप घालण्याच्या नादात शेजाऱ्याची शेपटी किंवा पायाचे बोट तोंडात जाते. म्हणून प्रत्येकासाठी वेगळा डबा, वेगळी लपायची जागा, वेगळी ओलसर जागा, वेगळे पाणी आणि खालून उष्णता लागते. पिल्लांना रोज खायला द्यावे लागते आणि प्रत्येक डब्यातली विष्ठा रोज पाहावी लागते, कारण आजाराची पहिली खूण बहुधा तिथेच दिसते. अंड्यातून नुकतेच आलेले पिल्लू दोन ते चार ग्रॅम वजनाचे असते. झाकण उघडले की ते चारही पायांवर ताठ उभे राहते, शेपटी वर करून हलवते आणि तोंड वासून बारीक किंचाळते. पहिले तीन-चार दिवस ते काही खात नाही. पहिली कात टाकते, बहुतेकदा तीच खाऊन टाकते, आणि मग शिकारीकडे पाहू लागते. यातले एखादे पिल्लू आठवडा उलटला तरी खात नाही, आणि मग रोज त्याचे वजन करण्याचे काम सुरू होते.

सर्वांत मोठा भार मात्र पुढचा आहे. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको १५ ते २० वर्षे सहज जगतो. दहा पिल्ले म्हणजे एकत्रित दीडशे ते दोनशे वर्षांच्या सांभाळाची जबाबदारी, जी तुम्ही इतरांवर सोपवणार आहात. "मित्र घेतील" असे सगळेच म्हणतात. मित्र पहिली दोन घेतात. उरलेल्यांसाठी चांगले घर मिळेपर्यंत ती तुमच्याकडेच राहतात, आणि दोन वर्षांनी एखाद्या मित्राला जागा बदलावी लागली की दिलेलेही परत येतात. ज्याला परत आलेले प्रत्येक जनावर सामावून घेणे शक्य नाही, त्याने जोडी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शैवाल

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. परत येणाऱ्या जनावरांचा विचार मी केलाच नव्हता. एक शंका आहे. अंडी घालणे ही मादीची नैसर्गिक क्रिया आहे, मग तिच्या प्रकृतीला त्यातून कितपत धोका असतो? काही जण तर मादीने एकदा तरी अंडी घालावीत, ते तिच्यासाठी चांगले असते, असेही सांगतात.

रानवारा

मी पशुवैद्यकीय क्षेत्रात काम करते आणि सरपटणारे प्राणी तपासते, म्हणून याच मुद्द्यावर लिहिते.

मादीने एकदा तरी अंडी घातली पाहिजेत या समजाला वैद्यकीय आधार नाही. नराशिवाय राहणारी मादीसुद्धा कधीकधी अफलित अंडी घालते आणि तेही धोके तिला असतातच, परंतु जोडी लावल्यामुळे ते कमी होत नाहीत. उलट अंड्यांच्या खेपा वाढल्याने शरीराची झीज वाढते.

अंड्याचे कवच आणि पिल्लाची हाडे यांना लागणारे कॅल्शियम मादीच्याच शरीरातून जाते. आहारातून ते पुरेसे मिळाले नाही, किंवा डी-३ जीवनसत्त्व अथवा योग्य प्रकाश नसल्याने ते शोषले गेले नाही, तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. अशी मादी माझ्याकडे येते तेव्हा तिचा जबडा बोटाला मऊ लागतो, चालताना पोट जमिनीला घासते, आणि पायाची बोटे थरथरतात. क्रेस्टेड या पाळल्या जाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गेकोच्या टाळूजवळ कॅल्शियमच्या दोन पांढऱ्या पिशव्या असतात आणि मादीने तोंड उघडले की त्या दिसतात. त्या रिकाम्या झालेल्या असतानाही पैदास सुरू ठेवली, तर मादी अचानक कोसळू शकते. लेपर्ड गेकोमध्ये एवढी स्पष्ट खूण नसते, त्यामुळे तिथे वजनाची नोंद आणि शेपटीची जाडी यांवरच अवलंबून राहावे लागते.

दुसरी अडचण अंडी अडकण्याची. एक अंडे सुमारे तीन सेंटीमीटर लांब असते आणि मादीच्या पोटाच्या पातळ त्वचेतून दोन्ही अंडी दोन फिकट गुलाबी-पांढऱ्या लंबगोलांसारखी दिसतात. घालायला योग्य ओलसर जागा नसेल, मादी लहान किंवा अशक्त असेल, किंवा अंड्याचा आकारच वेडावाकडा असेल, तर ती आतच राहतात. मादी दिवसरात्र उकरते, खाणे सोडते, डोळे अर्धवट मिटून पडून राहते. काही वेळा बीजपुटके, म्हणजे अंड्यांची आधीची अवस्था, बीजांडकोशातच वाढतात आणि पुढे सरकत नाहीत. अशा वेळी शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो. साठ ग्रॅमच्या प्राण्याला भूल देऊन शस्त्रक्रिया करू शकणारा पशुवैद्य सगळीकडे मिळत नाही. तो मिळणार आहे का, याची चौकशी जोडी लावण्याआधी करावी.

किमान एक वर्षाहून मोठी आणि ४५ ते ५० ग्रॅमच्या पुढची मादीच लेपर्डमध्ये जोडीला लावावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. क्रेस्टेडमध्ये दीड वर्ष आणि ३५ ग्रॅम ही किमान मर्यादा धरतात. या केवळ खालच्या मर्यादा आहेत; त्या ओलांडल्या म्हणजे धोका संपला असे नाही. नरालाही इजा होते. त्याचे जननांग बाहेर आल्यावर आत न जाणे ही तातडीची अवस्था आहे. मिलनाच्या वेळी नर मादीची मान दातांत धरतो आणि तिथल्या जखमा चिघळू शकतात. क्रेस्टेडची शेपटी या झटापटीत तुटली, तर ती पुन्हा येत नाही.

पिंपळपान

रानवारा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मला आनुवंशिकतेबद्दल लिहायचे आहे, कारण पैदाशीतली सर्वांत गंभीर चूक तिथे होते आणि ती पुढच्या पिढ्यांना भोगावी लागते.

शैवाल, तुमच्या मादीचे आणि देऊ केलेल्या नराचे आईवडील कोणते होते, त्यांच्यात कोणते गुण लपलेले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? दिसायला सामान्य असलेला गेको आत काय वाहून नेतो हे त्याच्या त्वचेवरून कळत नाही. लेपर्ड गेकोमध्ये अल्बिनोचे, म्हणजे काळ्या रंगद्रव्याविना जन्मणाऱ्या प्राण्यांचे, तीन वेगवेगळे प्रकार आहेत, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर. ते वेगवेगळ्या जनुकांमुळे होतात. ट्रेम्पर आणि बेल यांची जोडी लावली तर पिल्ले अल्बिनो नसतात, सामान्य दिसतात, पण दोन्ही जनुके बाळगतात. ती पिल्ले पुढे कोणी आपसांत किंवा तिसऱ्याशी लावली, की जन्मणारा अल्बिनो नक्की कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणे अवघड होऊन बसते आणि त्या वंशावळीवर कोणी विश्वास ठेवू शकत नाही.

हे निदान नोंदींपुरते नुकसान झाले. प्राण्याला प्रत्यक्ष त्रास देणारी उदाहरणे याहून वाईट आहेत. २००६ च्या सुमारास एनिग्मा नावाचा रंगप्रकार आला आणि त्याच्या ठिपक्यांमुळे तो झपाट्याने लोकप्रिय झाला. त्या जनुकासोबत चेतासंस्थेचा विकार येतो. असा गेको एकाच दिशेने गोल गोल फिरतो, मान वाकडी करून वर पाहत राहतो, समोरच्या अळीवर झडप घालतो आणि ती चुकवतो, पुन्हा घालतो, पुन्हा चुकवतो. विकाराची तीव्रता कमी-अधिक असते आणि ताणाने वाढते. तोंडावळा देखणा असलेला प्राणी स्वतःचे भक्ष्य पकडू शकत नाही हे एकदा जवळून पाहिलेल्या माणसाला ती जोडी पुन्हा लावावीशी वाटणार नाही, आणि तरीही हा विकार दिसून आल्यानंतर कितीतरी वर्षे अशा जोड्या लावल्या गेल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर लेमन फ्रॉस्ट हा रंगप्रकार आला. पांढऱ्या-पिवळ्या चमकदार त्वचेच्या या गेकोंच्या अंगावर कालांतराने पांढऱ्या गाठी उठू लागल्या. २०२१ मध्ये 'प्लॉस जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे मूळ स्पिंट-१ या जनुकाजवळ असल्याचे दाखवले. त्वचेला चमक देणाऱ्या पेशींचाच हा कर्करोग आहे आणि लेमन फ्रॉस्ट गेकोंपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांना तो होतो, असे त्यात नोंदवले आहे. ज्या कारणाने रंग सुंदर दिसतो, त्याच कारणाने गाठी होतात, त्यामुळे "चांगली निवड करून आजार वगळू" हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

क्रेस्टेडमध्ये लिली व्हाइट या रंगप्रकाराचे उदाहरण सर्वांना माहीत असावे. एक लिली व्हाइट आणि एक साधा गेको यांची जोडी चालते. पण दोन लिली व्हाइट एकत्र लावले, तर सरासरीने चारपैकी एका पिल्लाला दोन्हीकडून ते जनुक मिळते आणि ते अंड्यातच किंवा बाहेर आल्यावर थोड्याच वेळात मरते. हे आधीपासून ठाऊक असूनही अशी जोडी लावणे मला अक्षम्य वाटते.

वल्कल

मी थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण धागा एकाच दिशेने जात आहे. पाळीव प्राण्यांची घरगुती पैदास झाली नसती, तर मागणी पूर्ण करण्यासाठी रानातले प्राणी पकडले गेले असते. क्रेस्टेड गेको नामशेष झाला असे मानले जात होते. १९९४ मध्ये न्यू कॅलेडोनियात तो पुन्हा सापडला आणि आज पाळले जाणारे जवळपास सगळे क्रेस्टेड बंदिस्त पैदाशीतून आलेले आहेत. टोके गेको मात्र आजही मोठ्या प्रमाणावर निसर्गातून पकडला जातो, म्हणूनच २०१९ मध्ये त्याचा समावेश साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. टांझानियातल्या छोट्या निळ्या लायगोडॅक्टिलस विल्यम्सी या गेकोची अवस्था तर इतकी बिकट झाली की तो २०१६ च्या परिषदेत पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात गेला. जबाबदारीने पैदास करणाऱ्यांना आपण सरसकट दोषी ठरवू नये.

पिंपळपान

वल्कल, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण तो टोकेला लागू होतो, लेपर्डला नाही. लेपर्ड गेको बंदिवासात इतका वाढलेला आहे की आणखी एका घरात दहा पिल्ले झाल्याने रानातला एकही प्राणी वाचत नाही. मात्र घर शोधत असलेल्या प्रौढ गेकोंपैकी काहींची घरे ही पिल्ले घेतात. संवर्धनाचा दाखला द्यायचा असेल, तर त्या जातीची गरज काय आहे, मूळ प्राणी कुठून आले आणि नोंदी कोण ठेवणार, याची उत्तरे हवीत. एखाद्या दुर्मीळ जातीवर कोणी असे काम शिस्तीने करत असेल, तर मी त्याला जमेल तेवढी मदत करीन.

वल्कल

हा फरक मान्य आहे. लेपर्डपुरता माझा आक्षेप मागे घेतो.

निशिगंध

पाहुणा नर हा स्वतंत्र धोका आहे आणि त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही. क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरानी नावाचा एकपेशीय परजीवी लेपर्ड गेकोच्या लहान आतड्यात राहतो. बाधित प्राणी खातो, पण अन्न अंगी लागत नाही, आणि शेपटी काडीसारखी होत जाते. यावर खात्रीचा इलाज उपलब्ध नाही. काही प्राणी बराच काळ निरोगी दिसतात आणि तरीही विष्ठेतून परजीवी बाहेर टाकत राहतात, तेही सतत नव्हे तर मधूनमधून, म्हणून एका चाचणीत दोष न आढळणे पुरेसे नसते. विष्ठेतून पडणारी त्याची टणक कवचाची कोष्ठे नेहमीच्या ब्लीचने मरत नाहीत. ज्याच्याकडे एकच मादी आहे त्याने, केवळ चार दिवसांच्या मिलनासाठी, जिथे अनेक गेको आहेत अशा घरातून नर आणणे म्हणजे तिथल्या सर्व प्राण्यांचा संसर्ग आपल्या घरात येऊ देणे. नव्या प्राण्याला तीन महिने वेगळे ठेवावे, त्याचे चिमटे आणि भांडी वेगळी ठेवावीत, पीसीआर पद्धतीने विष्ठेची चाचणी पुन्हा पुन्हा करावी. उसन्या नराच्या बाबतीत हे कोणी करत नाही.

घरात लहान मुले असतील तर साल्मोनेला या सरपटणाऱ्या प्राण्यांकडून माणसाला होऊ शकणाऱ्या जीवाणू-संसर्गाचाही विचार करा. डब्यांची संख्या एकावरून बारावर गेली की हात धुण्याची शिस्त पाळणे तितकेच कठीण होते.

कातळपाल

इनक्युबेटरबद्दल थोडे लिहितो, कारण तिथे तापमानाचा प्रश्न केवळ पिल्लू जगण्यापुरता नाही. लेपर्ड गेकोमध्ये पिल्लाचे लिंग अंड्याच्या तापमानावर ठरते. २६ अंशांच्या आसपास जवळपास सगळ्या माद्या होतात, ३२-३३ अंशांना बहुतांश नर, आणि ३४-३५ अंशांना पुन्हा माद्या. १९८८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात गट्झके आणि क्रूज यांनी दाखवले की या तापमानाचा प्रभाव प्रौढ मादीच्या वर्तनावरही राहतो आणि अधिक तापमानाला वाढलेल्या माद्या आक्रमक होऊ शकतात. म्हणजे थर्मोस्टॅटने दगा दिला किंवा वीज बराच वेळ गेली, तर अंडी मरतील एवढीच भीती नाही. नर जास्त झाले, तर ते कधीच एकत्र ठेवता येत नाहीत आणि त्यांना घरे मिळणेही अधिक कठीण असते.

अंडी घातल्यावर ती उलटी होऊ नयेत, कारण पहिल्या दिवसानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडे फिरले तर तो मरू शकतो. हे सगळे सांभाळूनही काही पिल्ले वेडीवाकडी निघतात. कोणाचा जबडा जुळत नाही, कोणाचा डोळा बारीक असतो, कोणाचे बलक आत ओढले गेलेले नसते. अशा पिल्लाचे काय करायचे हे आधी ठरलेले असावे लागते. जिवंत पिल्लू घरच्या फ्रीजरमध्ये ठेवणे हा मार्ग क्रूर आहे; पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देणे हाच योग्य मार्ग आहे. ज्यांना तो निर्णय स्वतः घ्यावा लागेल हे पटत नाही, त्यांनी अंडी उबवूच नयेत.

मध्यरात्र

मी मोर्निंग गेको पाळते. त्यांच्यात जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि त्या नराशिवायच पिल्ले निघणारी अंडी घालतात. जोडी न लावताही त्यांची संख्या वाढत जाते, आणि त्या अंडी कोपऱ्यांत आणि पानांच्या बेचक्यांत इतकी घट्ट चिकटवतात की काढताना ती फुटतात. ज्यांना पैदास नको आहे त्यांनी ही जात घेण्यापूर्वी याचा जरूर विचार करावा. माझ्या टाकीतली अंडी मी दर आठवड्याला शोधून काढते, आणि हे काम जन्मभर करावे लागणार आहे.

शैवाल

सर्व प्रतिसाद मी दोन-तीनदा वाचले. नराच्या आईवडिलांबद्दल विचारले असता काहीच माहिती नाही असे उत्तर आले, आणि त्या घरात इतरही बरेच गेको आहेत. मी नर आणणार नाही. आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. माझी मादी माझ्याकडे येण्याआधी नरासोबत होती की नाही हे मला ठाऊक नाही. गेल्या आठवड्यापासून तिचे पोट थोडे भरल्यासारखे दिसते आणि ती कोपरा उकरते आहे. अंडी घातली तर काय करावे?

रानवारा

तिला आजच अंडी घालण्यासाठी डबा द्या. झाकणाला तिला आत जाता येईल एवढे भोक पाडा, आत किमान सात-आठ सेंटीमीटर खोल ओलसर नारळाचा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारे खनिज) भरा, आणि मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये इतपतच ओलावा ठेवा. डबा उबदार बाजूला ठेवा. वेगळ्या छोट्या वाटीत साधी कॅल्शियम पावडर कायम ठेवा. तिचे वजन आज करून लिहून ठेवा आणि दर तीन दिवसांनी पुन्हा करा, पण तिला उगाच हाताळू नका.

अंडी मिळाली की ती फलित आहेत का हे तपासत बसण्याची गरज नाही. पिल्ले नको असतील, तर त्याच दिवशी ती गोठवून मग टाकून द्या, कारण त्या वेळी गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतो. दोन-तीन आठवडे वाट पाहून मग निर्णय बदलू नका. साधारण दोन ते चार आठवड्यांनी पुढची खेप येऊ शकते, म्हणून हंगाम संपेपर्यंत डबा काढू नका.

डबा दिल्यानंतरही उकरणे दोन-तीन दिवसांहून अधिक चालले आणि अंडी आली नाहीत, ती मलूल पडून राहू लागली, पाय थरथरले, किंवा एकच अंडे येऊन दुसरे पोटात तसेच दिसत राहिले, तर घरी कोमट पाण्यात बसवणे वगैरे उपाय करत वेळ घालवू नका. तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या आणि एक्स-रे काढायला सांगा.